एम.टेक. इलेक्ट्रिकलचे इलेक्टिव्ह कसे निवडायचे? निफाडच्या एका फीडरवरून

एम.ई. किंवा एम.टेक. इलेक्ट्रिकलला प्रवेश झाला की थोड्याच दिवसांत हातात इलेक्टिव्हचा, म्हणजे आपण निवडायच्या पेपरांचा, एक फॉर्म येतो. इलेक्टिव्ह एक: खालील तीनपैकी एकावर खूण करा. इलेक्टिव्ह दोन: तसंच. खाली सही, आणि उद्या अकराच्या आत ऑफिसात जमा. हा फॉर्म बहुतेक वेळा कॅन्टीनमध्ये भरला जातो, सिनिअरला फोन लावून. आणि सिनिअरला विचारला जाणारा प्रश्नही एकच: "कुठला स्कोअरिंग आहे रे?"

प्रश्न अगदीच वाईट नाही. सीजीपीए लागतोच. पण दोन वर्षांनी इंटरव्ह्यूला बसल्यावर समोरचा माणूस सीजीपीए एका नजरेत पाहून बाजूला ठेवतो आणि म्हणतो, "अमुक पेपर घेतलाय ना? मग हे सांगा." तिथे स्कोअरिंग विषयांची पंचाईत होते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जे घरी एकट्याने शिकता येत नाही, त्यासाठी इलेक्टिव्ह खर्च करा. सॉफ्टवेअर घरी येतं. नव्या तंत्रज्ञानाची ओळख घरी होते. आतलं गणित आणि प्रयोगशाळेतला हात मात्र कुणीतरी समोर बसवून शिकवल्याशिवाय फारसा येत नाही. तुम्हाला आला असेल तर तुम्ही अपवाद आहात आणि हा लेख तुमच्यासाठी नाही.

हातात किती असतं

एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात एम.टेक. एकूण ६८ क्रेडिटचं आहे. त्यातले २६ क्रेडिट नुसत्या डिसर्टेशनचे, म्हणजे प्रबंधाचे, तिसऱ्या सत्रात १० आणि चौथ्यात १६. कोअर पेपर, लॅब, रिसर्च मेथडॉलॉजी हे सगळं ठरलेलं. उरतात आपल्या शाखेतले पाच प्रोग्रॅम इलेक्टिव्ह आणि शाखेबाहेरचा एक ओपन इलेक्टिव्ह. नाशिकमध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजं आहेत, स्वायत्त आहेत, खासगी विद्यापीठही आहे. प्रत्येकाचे आकडे थोडेफार वेगळे निघतील, पण सांगाडा साधारण हाच. म्हणजे सगळं मिळून पाच-सहा निर्णय आपल्या हातात. त्यातला एखादा जरी नावाला भुलून घेतला तरी हिस्सा मोठा जातो.

एक फीडर, सहा पेपर

कुठला विषय कशाला लागतो हे यादी वाचून कळत नाही. म्हणून निफाड तालुक्यातलं एखादं ३३/११ केव्ही उपकेंद्र डोळ्यासमोर आणा. त्यातून शेतीचा ११ केव्हीचा फीडर, म्हणजे वीज पोचवणारी लाइन, निघतो आणि द्राक्षबागा, कांद्याची शेतं ओलांडत डीपी-डीपीवर उतरत जातो. रात्रीच्या लाइटला बिबट्याच्या भीतीत मोटर चालू करायला जाणं इथल्या शेतकऱ्याला नवं नाही. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, आणि अशा उपकेंद्रांच्या आसपास सौर प्रकल्प उभे राहू लागले. समजा आपल्या उपकेंद्रापासून ५ किलोमीटरवर २ मेगावॅटचा प्रकल्प आहे आणि तो ११ केव्हीच्या लाइनने उपकेंद्राला जोडलाय.

भर दुपारी काय होतं? लाइन 'रॅबिट' नावाच्या कंडक्टरची, म्हणजे तारेची, धरू. त्याचा रोध किलोमीटरला सुमारे ०.५५ ओहम, म्हणजे ५ किलोमीटरचा २.७५ ओहम. व्होल्टेजमधला फरक ढोबळमानाने पॉवर गुणिले रोध, भागिले व्होल्टेज. वीस लाख वॅट गुणिले २.७५, भागिले ११,०००: बरोबर ५०० व्होल्ट. एरवी लाइनच्या टोकाला व्होल्टेज पडतं, इथे ते साडेचार टक्के चढतं. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत या पातळीला वरच्या बाजूने ६ टक्क्यांची मुभा होती. उपकेंद्रातच व्होल्टेज दोन टक्के चढं असेल तर इथे मुभा संपली.

पुस्तक वाचलेला विद्यार्थी म्हणेल, इन्व्हर्टरला (सौर पॅनेलची डीसी वीज एसी करणारं यंत्र) लाइनमधून रिअॅक्टिव्ह पॉवर, म्हणजे काम न करता नुसती मागे-पुढे फिरणारी पॉवर, खेचायला लावा, व्होल्टेज उतरेल. बरोबर आहे, पण किती खेचायची? या लाइनचा रिअॅक्टन्स (चुंबकीय परिणामामुळे एसी प्रवाहाला होणारा विरोध) किलोमीटरला ०.३५ ओहम धरला तर एकूण १.७५ ओहम. वाढलेल्या ५०० मधले निम्मे, म्हणजे २५० व्होल्ट उतरवायला सुमारे १.६ मेगाव्हार रिअॅक्टिव्ह पॉवर लागते. २ मेगावॅटसोबत एवढं पेलायचं तर इन्व्हर्टर अडीच एमव्हीए क्षमतेचा हवा, आणि लाइनमधला तोटा जवळपास ६० टक्क्यांनी वाढतो. कारण या लाइनचा रोध रिअॅक्टन्सपेक्षा जास्त आहे. ४०० केव्हीच्या पारेषण वाहिनीवर नेमकं उलट असतं. आपल्याला पदवीला जे शिकवलं ते मुख्यतः त्या मोठ्या वाहिन्यांचं.

इथे पहिला पेपर भेटतो: अॅडव्हान्स्ड पॉवर सिस्टिम अॅनालिसिस. त्याच्या पोटात लिनिअर अल्जिब्रा आणि न्यूमेरिकल मेथड्स. फीडरवर शंभर डीपी असतील तर समीकरणांचा तक्ता शंभर बाय शंभरचा होतो, आणि त्यातली बहुतेक घरं शून्य, कारण प्रत्येक डीपी शेजारच्या एक-दोघांनाच जोडलेला असतो. टिनी आणि हार्ट यांनी १९६७ साली न्यूटनच्या पद्धतीने लोड फ्लो (कुठे किती व्होल्टेज, कुठून किती पॉवर याचं गणित) झपाट्याने सोडवून दाखवला तो या शून्यांचा नीट फायदा उठवून. पुढे १९७४ साली स्टॉट आणि अल्सॅक यांची 'फास्ट डिकपल्ड' पद्धत आली. ती आणखी वेगवान, पण रिअॅक्टन्स रोधापेक्षा बराच मोठा आहे असं ती गृहीत धरते. आपल्या रॅबिट लाइनवर ते गृहीतकच खोटं, त्यामुळे तिथे ती अडखळते, कधी उत्तरापर्यंत पोचतच नाही. सॉफ्टवेअरचं बटण दाबायला शिकलेल्याला स्क्रीनवर फक्त 'नॉट कन्व्हर्ज्ड' दिसतं. गणित शिकलेला पद्धत बदलतो. नोकरीत दोघांच्या पगारात फरक पडतो तो इथून.

आता इन्व्हर्टर उघडू. त्याच्या आत सेकंदाला हजारो वेळा उघड-बंद होणारे सेमीकंडक्टर स्विच असतात आणि त्यांना काबूत ठेवणारी कंट्रोल लूप. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचा पेपर घेतला की स्विच कळतात. लूप कळायला लिनिअर सिस्टिम्स लागतो, स्टेट स्पेसवाला. आणि गंमत म्हणजे या लूपच्या गाभ्यात रॉबर्ट पार्क यांचं १९२९ सालचं रूपांतर बसलेलं असतं, जे त्यांनी सिंक्रोनस मशिनसाठी मांडलं होतं. तीन फेजच्या हलत्या राशी फिरत्या अक्षांवर घेतल्या की स्थिर दिसतात, मग साधा पीआय कंट्रोलरही पुरतो. "मशिन थिअरी आता कोण घेतं, सगळं सोलर झालंय" असं म्हणणारे इथे तोंडावर आपटतात.

नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक केंद्रातल्या २१० मेगावॅटच्या संचाचा रोटर मिनिटाला ३००० फेरे घेतो. ग्रीडला धक्का बसला की त्या जडपणातली ऊर्जा पहिले काही क्षण आपोआप कामाला येते, कुणी आज्ञा द्यावी लागत नाही. सौर प्रकल्पात फिरतं काहीच नाही, तिथे हा आधार नियंत्रणाने निर्माण करावा लागतो. 'ग्रीड फॉर्मिंग इन्व्हर्टर' या नावाखाली आज जे मोठं संशोधन चाललंय ते यासाठी. त्यात शिरायचं तर मशिन, कंट्रोल आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स हे तिन्ही लागतात, आणि बहुतेक जण यातला एकच घेतात.

तिसरी गोष्ट प्रोटेक्शनची. लाइनवर झाड पडलं, फॉल्ट झाला. सिंक्रोनस जनरेटर अशा वेळी सुरुवातीला आपल्या क्षमतेच्या कित्येक पट प्रवाह ओततो. इन्व्हर्टर फार तर सव्वा-दीडपट देतो, त्याहून जास्त दिला तर त्याचे स्विच जळतील. आपले ओव्हरकरंट रिले मात्र 'खूप प्रवाह म्हणजे फॉल्ट' याच हिशोबावर बेतलेले. फॉल्टचं गणित मांडायची भाषा अजूनही चार्ल्स फोर्टेस्क्यू यांची, १९१८ सालच्या सिमेट्रिकल कॉम्पोनन्ट्सची. पण इन्व्हर्टर निगेटिव्ह सिक्वेन्स प्रवाह (तीन फेजमधल्या असमतोलाचा घटक) देणार की नाही हे तांब्याच्या वेढ्यांवर ठरत नाही, आत लिहिलेल्या प्रोग्रॅमवर ठरतं. म्हणून प्रोटेक्शनचा पेपर कंट्रोल न शिकता घेतला तर अर्धाच कळतो.

त्यातच वायरमन येतो. त्याने उपकेंद्रातून फीडर बंद केला आणि खांबावर चढला. सौर प्रकल्पाने त्याच क्षणी थांबायला हवं. प्रकल्पाचं उत्पादन आणि फीडरचा भार नेमके जुळले तर इन्व्हर्टरला लाइन गेल्याचं कळणारच नाही, आणि मेलेली समजलेली तार जिवंत राहील. आयईईई १५४७ या मानकानुसार हे ओळखून २ सेकंदांत थांबायचं असतं. कसं ओळखायचं, हा कंट्रोलचा आणि सिग्नल प्रोसेसिंगचा प्रश्न आहे. हा विषय वर्गात शिकवताना खांबावरचा माणूस आठवला नाही तर तो नुसता ग्राफ उरतो.

शेवटी ढग. पावसाळ्यात ऊन-सावलीचा खेळ चालू असताना २ मेगावॅटचे काही मिनिटांत अर्धा मेगावॅट होतात. अंदाज बांधायचा तर प्रोबॅबिलिटी आणि रँडम प्रोसेसेस लागतात. 'एआय अॅप्लिकेशन्स इन पॉवर' हा पेपर त्यानंतरचा. आधी घेतला तर मॉडेल चालतं, पण त्याच्या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा हे सांगता येत नाही.

या सगळ्यात 'इंट्रोडक्शन टू स्मार्ट ग्रिड' कुठे आलं? आलं नाही. तो पेपर या सगळ्यांची नावं सांगतो. ओळख म्हणून छान, पण तीन क्रेडिट मोजून घ्यावा इतका नाही. अपवाद एकच: शिकवणारे सर किंवा मॅडम स्वतः त्यात काम करत असतील तर नाव काहीही असो, घ्या.

पेपर हलका की भारी, कसं ओळखायचं

सिलॅबसपेक्षा जुने प्रश्नपत्रिकांचे संच जास्त खरं बोलतात. मागच्या दोन-तीन वर्षांचे काढा. प्रत्येक प्रश्न 'एक्सप्लेन विथ नीट स्केच' आणि 'राइट शॉर्ट नोट ऑन'ने सुरू होत असेल तर तो पेपर परीक्षेआधीच्या आठवड्यात होतो. त्यासाठी सत्रभर वर्गात बसायची गरज नाही, आणि मार्क हवेत म्हणून असा एखादा घेतला तर माझी हरकतही नाही. निम्मे मार्क गणितांना, सिद्धतांना किंवा मॉडेल मांडायला असतील तर तो कामाचा पेपर.

सिलॅबसच्या पहिल्या दोन युनिट्सकडेही बघा. नव्या नावाच्या पेपरात पहिलं युनिट 'गरज, फायदे, तोटे, जागतिक परिस्थिती' असं असेल आणि दुसऱ्यात सरकारी योजनांची यादी, तर गणित शेवटच्या युनिटला येणार. आणि शेवटचं युनिट कुठल्या आठवड्यात, किती वेगाने उरकलं जातं, हे नाशिकपासून नागपूरपर्यंत सगळ्यांना माहीत आहे.

मॅटलॅब, ईटॅप, पायथन यांच्यावरचे इलेक्टिव्ह दिसले तर मोह आवरा. ओपनडीएसएस हे फीडरच्या अभ्यासाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. वरचा रॅबिट लाइनचा हिशोब त्यात दिवाळीच्या सुट्टीत करून बघता येईल, आणि आपलं ५०० व्होल्टचं उत्तर ढोबळ सूत्राचं असल्यामुळे थोडं हललेलं दिसेल. ते का हललं हे शोधण्यात जे शिकाल ते सर्टिफिकेटवर मावणार नाही.

गाईड आधी, पेपर नंतर

बहुतेक जण पेपर निवडतात, पास होतात आणि तिसऱ्या सत्रात गाईड शोधतात. मग विषय प्रोटेक्शनचा आणि घेतलेले पेपर ड्राइव्ह्जचे, अशी गत होते. २६ क्रेडिट डिसर्टेशनचे आहेत हे लक्षात घेतलं तर उलट्या बाजूने यायला हवं. पहिल्याच महिन्यात विभागातल्या दोन-तीन प्राध्यापकांना भेटा आणि सरळ विचारा: "सर, तुमच्याकडे डिसर्टेशन करायचं असेल तर आधी कुठले पेपर केलेले बरे?" चांगला गाईड या प्रश्नावर खुलतो आणि दोन नावं अशी सांगतो जी आपल्या डोक्यातही नसतात. "काहीही घे, चालेल" असं उत्तर आलं तर तेही उत्तरच समजायचं.

एक अडचण फॉर्मवर लिहिलेली नसते. पीजीच्या वर्गात मुलं थोडी, शिकवणारे त्याहून थोडे. कागदावर तीन पर्याय असले तरी पुष्कळ ठिकाणी एकच चालवला जातो, आणि तो कुठला हे सरांच्या टाइमटेबलवर ठरतं. कुरकुर करून उपयोग नाही. फॉर्म भरण्याआधी वर्गातल्या पाच-सात जणांनी एकत्र बसून एकच पर्याय ठरवला आणि एचओडींकडे सगळे मिळून गेलात, तर ऐकलं जाण्याची शक्यता बरीच वाढते. एकेकटे गेलात तर "बघू" मिळतं.

तरीही नाहीच जमलं, तर स्वयम् आणि एनपीटीईएल हे ऑनलाइन कोर्सचे मंच आहेत. आयआयटीच्या प्राध्यापकांचे लिनिअर सिस्टिम्स, पॉवर सिस्टिम डायनॅमिक्स, प्रोबॅबिलिटीचे कोर्स तिथे आहेत, आणि बारा आठवड्यांचा कोर्स साधारण तीन क्रेडिटचा धरला जातो. २०२१ च्या यूजीसी नियमांनुसार संस्थेला एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंतचे कोर्स स्वयम्‌वरून घ्यायला मुभा देता येते. देता येते म्हणजे दिलीच असेल असं नाही. आपल्या कॉलेजने स्वीकारलंय का, नाव कधी नोंदवायचं आणि त्याचा ग्रेड मार्कशीटवर कसा चढतो हे परीक्षा विभागात जाऊन आधी विचारा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको.

पुढे कुठे जायचंय

इथेच राहून नोकरी करायची असेल तर सातपूर, अंबड आणि सिन्नरकडे बघा. एबीबी, सीमेन्स, सीजी यांचे कारखाने नाशिकमध्ये आहेत आणि त्यांना माल पुरवणारे असंख्य छोटे उद्योगही. हा पट्टा स्विचगिअर (वीज तोडण्या-जोडण्याची उपकरणं) आणि ट्रान्सफॉर्मरचा. इथे हाय व्होल्टेज इंजिनिअरिंग, इन्सुलेशन आणि फायनाइट एलिमेंटचा पेपर सोन्याच्या मोलाचा, आणि विद्यार्थी नेमका तोच रुक्ष म्हणून टाळतात. एक उदाहरण पुरे. ११ केव्हीच्या जाळ्यात बसणारं १२ केव्ही वर्गाचं स्विचगिअर पॅनेल बाजारात जाण्याआधी त्याच्या डिझाइनला ७५ केव्हीचा इम्पल्स सोसून दाखवावा लागतो. ती लाट १.२ मायक्रोसेकंदात शिखरावर जाते आणि ५० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर येते, वीज पडल्याची नक्कल म्हणून. पॅनेलमध्ये एखाद्या बसबारची कड धारदार राहिली, तर विद्युत क्षेत्र तिथेच एकवटतं आणि चाचणी तिथेच फुटते. कड किती गोल करायची हे सांगणारा इंजिनिअर त्यांना हवा असतो.

पॉवरग्रिड, एनटीपीसीसारख्या सार्वजनिक कंपन्यांचा रस्ता गेट या परीक्षेवरून जातो. तिथे पदवीचा अभ्यासच पुन्हा पक्का करायचा असतो, त्यामुळे इलेक्टिव्हचं फार ओझं घेऊ नका. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो हेही ध्यानात असू द्या. पीएचडी करायची असेल तर मात्र सवलत नाही. लिनिअर अल्जिब्रा, प्रोबॅबिलिटी, ऑप्टिमायझेशन यांतले जितके मिळतील तितके घ्या, लागल्यास गणित विभागात जाऊन ऑडिट करा, म्हणजे क्रेडिट न घेता नुसतं वर्गात बसा. ओपन इलेक्टिव्हची जागा यासाठी उत्तम. तिथे मॅनेजमेंटचा सोपा पेपर घेऊन झोप काढायची पद्धत आहे, आणि ती मला कधीच पटलेली नाही.

अमेरिकेत एम.एस.ला निघालेल्यांसाठी थोडं वेगळं. तिथे एम.एस. बहुतेक ठिकाणी ३० क्रेडिटच्या आसपासचं, म्हणजे दहाएक कोर्स, थीसिससह किंवा थीसिसशिवाय. पूर्णवेळ विद्यार्थ्याला सत्राला साधारण ९ क्रेडिट घ्यावे लागतात. सुरुवातीचा आठवडाभर कोर्स बदलायची सोय असते, तेव्हा चार-पाच वर्गांत बसून बघा आणि मग तीन ठेवा. प्रत्येक कोर्ससमोर त्याआधी काय शिकलेलं हवं हे लिहिलेलं असतं, ते गंभीरपणे घ्या. पहिल्याच सत्रात रँडम प्रोसेसेस आणि लिनिअर सिस्टिम्स घेतले की पुढचे बहुतेक दरवाजे उघडतात. दोन्ही भारी आहेत, त्यामुळे तिसरा हलका घ्या. इथे नाशिकमध्येही हाच हिशोब ठेवा: एका सत्रात गणिताने भरलेले दोन पेपर पुष्कळ झाले, कारण सबमिशन, लॅब आणि टीएचं (टीचिंग असिस्टंटचं) काम त्याच आठवड्यात येतं.

नोकरी सांभाळून एम.ई. करणाऱ्यांनी तर सत्राला एकच भारी पेपर घ्यावा, आणि तो शक्यतो रोजच्या कामाशी जोडलेला. दिवसभर रिले टेस्टिंग करून आलेला माणूस संध्याकाळी प्रोटेक्शनच्या वर्गात जे प्रश्न विचारतो, ते ऐकायला बाकीच्यांनीही तो पेपर घ्यायला हरकत नाही.